भाज्या-फळांची चित्रं: पाणी, हवा आणि वेळ सांभाळून

प्रश्न थोडक्यात असा: भाज्या, फळं, धान्यं वापरून चेहरे, प्राणी, छोटी दृश्यं करायला घेतली आहेत. सफरचंदाचे पंख दहा मिनिटांत तपकिरी पडतात, काकडी पाणी सोडते आणि चित्र ओघळतं, गाजराची माणसं उभी राहत नाहीत, फोटोत सगळं सपाट दिसतं. साहित्य काय घ्यावं, कामाचा क्रम कसा ठेवावा आणि झाल्यावर ते खाता येईल का?

यातल्या बहुतेक तक्रारींचा हाताच्या कौशल्याशी फारसा संबंध नाही. रंग आणि माती तुमच्यासाठी थांबतात, कापलेली भाजी थांबत नाही. सुरी लागली की पाणी बाहेर यायला लागतं आणि उघड्या गरावर हवा काम सुरू करते. क्रम चुकला तर उत्तम कोरीवकामही मलूल दिसतं, आणि क्रम जमला तर साधी कापाकापीसुद्धा टवटवीत राहते. दुसरी खोट म्हणजे नवशिका कापतो फार आणि बघतो कमी. जितके काप जास्त, तितकं पाणी जास्त सुटणार. म्हणून सुरुवात सुरीशिवायच करा.

आधी बघा, मग कापा

सोळाव्या शतकातला मिलानचा चित्रकार जुझेप्पे आर्चिम्बोल्दो या बाबतीत अजून गुरू आहे. सम्राट रुडॉल्फ दुसरा याचं त्याने १५९१च्या सुमारास केलेलं चित्र बघा: नाकाच्या जागी पेअर, पापण्यांच्या जागी वाटाण्याच्या शेंगा, गालांना सफरचंद आणि पीच. त्याने हे सगळं रंगवलं आहे, खरी फळं मांडलेली नाहीत. पण शिकायची गोष्ट अशी की एकाही फळाचा आकार त्याने मोडलेला नाही. पेअर पेअरच राहतं, फक्त त्याची जागा त्याला नाक बनवते. त्याचं दुसरं एक चित्र एका बाजूने धरलं तर भाज्यांनी भरलेलं वाडगं आहे आणि उलटं केलं की माळ्याचा चेहरा. वाडग्याची टोपी होते.

म्हणून पहिला सराव असा करा. वेड्यावाकड्या आकाराच्या चार-पाच भाज्या घ्या: दोन पाय फुटलेलं गाजर, वाकडी काकडी, टेंगूळ आलेला बटाटा, आल्याचा तुकडा, देठ लांब असलेली ढोबळी मिरची. प्रत्येक वस्तू हातात घेऊन सावकाश फिरवा, उलटी करा, आडवी धरा. चेहरा किंवा प्राणी दिसला की फक्त दोन डोळे लावा. सुरी बंद. माणसाचा मेंदू दोन ठिपके आणि खाली एक रेघ एवढ्यावर चेहरा ओळखतो, बाकीचं तो स्वतः भरतो. गुळगुळीत, एकसारखा, निवडक माल या कामाला सगळ्यात निरुपयोगी. ढिगातले जे नग कोणी घेत नाही तेच घ्या.

डोळ्यांवर मात्र कंजुषी नको, निम्मं यश तिथेच आहे. पांढऱ्या मुळ्याची ३ मिलिमीटर जाडीची चकती कापा आणि धातूच्या स्ट्रॉने किंवा केकवर नक्षी काढायच्या नोझलने तिच्यातून ८ ते १० मिलिमीटरचे गोल पाडा. मध्ये टूथपिकने छोटा खड्डा करा आणि त्यात काळी मिरी दाबून बसवा. खड्डा न करता मिरी नुसती ठेवली तर भाजीला पाणी सुटताच ती घसरते. लहान आकृतीला मिरी फार मोठी होते, तिथे मोहरी किंवा काळा तीळ वापरा, तोही टूथपिकचं टोक ओलं करून उचला. दोन डोळ्यांत साधारण एका डोळ्याएवढं अंतर ठेवा. डोळे चेहऱ्याच्या मध्याखाली आणि लांब लांब ठेवले की ते बाळ दिसतं; वर आणि जवळ ठेवले की चिडका म्हातारा. दोन्ही बुबुळं एकाच दिशेला सरकवली की आकृती ‘बघायला’ लागते, आणि दोन आकृत्या एकमेकींकडे बघायला लागल्या की गोष्ट आपोआप सुरू होते.

स्केचपेनने भाजी रंगवणं, प्लास्टिकचे हलते डोळे चिकटवणं हे मी मोडीतच काढतो. गंमत दुहेरी दिसण्यात आहे: ती ढोबळी मिरचीच आहे आणि तरीही ती ओरडणारा माणूस आहे. मूळ वस्तू ओळखू येईनाशी झाली की विनोद संपला. ढोबळी मिरचीला तोंड म्हणून नुसती एक आडवी फट पाडून बघा, आतल्या बिया दातांसारख्या बाहेर येतात. तुम्हाला वेगळं काही करावंच लागत नाही. पीटर फिश्ली आणि डाव्हिड व्हाइस या स्विस जोडीने १९७९ मध्ये सॉसेजची एक छायाचित्रमालिका केली. तीत मांसाच्या गोल चकत्यांची चळत म्हणजे गालिच्यांचं दुकान आणि व्हिनेगरमधल्या छोट्या काकड्या म्हणजे गिऱ्हाइकं. कोरीवकाम जवळजवळ शून्य, आणि तरी बघणारा हसतो.

पाणी

भाजी ताठ राहते ती पेशींत भरलेल्या पाण्याच्या दाबामुळे. बाहेरचं पाणी साधं असेल तर ते पेशीत शिरतं आणि तुकडा कडक होतो. बाहेर मीठ असेल तर पाणी पेशीतून बाहेर ओढलं जातं आणि तुकडा लवचीक होतो. परासरणाचा हा एक नियम हाताशी असला की भाजी हवी तेव्हा वाकवता येते आणि हवी तेव्हा ताठ करता येते.

वाकवायचं उदाहरण गाजराचं. सोलणीने गाजराच्या लांब पट्ट्या काढा, जाडी १ ते २ मिलिमीटर. अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १५ ग्रॅम मीठ विरघळवा आणि पट्ट्या १० ते १५ मिनिटं त्यात ठेवा. बोटाभोवती गुंडाळली आणि तुटली नाही की पट्टी तयार. आता तिचा गुलाब, गोगलगायीचं शंख, शेपटी, काय हवं ते वळा, टूथपिकने अडकवा आणि साध्या गार पाण्यात १० मिनिटं सोडा. पट्टी पुन्हा बरीचशी ताठ होते आणि वळण टिकतं. घाईत मिठाचं प्रमाण दुप्पट केलं तर पट्टी लिबलिबीत होते आणि नंतर गार पाण्यातही पुरती सावरत नाही.

ताठ करायचं उदाहरण लाल मुळ्याच्या फुलाचं. हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे. छोटा, टणक, गोल मुळा घ्या आणि मुळाचं टोक छाटा. देठाची बाजू खाली ठेवून सालीला लगटून वरून खाली चार-पाच उभे काप द्या, पाकळीची जाडी जेमतेम २ मिलिमीटर. काप तळाच्या अर्धा सेंटिमीटर आधी थांबला पाहिजे. आत पांढरा गाभा उरेल, त्यावर उभे-आडवे काप देऊन परागकोशाची जाळी करा. आता मुळा बर्फाच्या पाण्यात टाका. पाच मिनिटं काहीच होत नाही. मग आतला पांढरा गर पाणी पिऊन फुगायला लागतो, बाहेरची साल तेवढी ताणली जात नाही, आणि पाकळ्या एकेक करून बाहेर कलतात. अर्ध्या तासात फूल उमललेलं असतं. नाही उमललं तर कारणं तीनच: पाकळी जाड राहिली, पाणी गार नव्हतं, किंवा मुळा जुना आणि आतून भुसभुशीत झालेला. पाण्यात फार तास ठेवलं तर सालीचा रंग उतरतो आणि पांढऱ्या पाकळ्या गुलाबी होतात. काहींना तेही आवडतं.

पातीच्या कांद्याचा ८ सेंटिमीटरचा तुकडा एका टोकाकडून ३-४ सेंटिमीटरपर्यंत बारीक चिरून बर्फाच्या पाण्यात टाकला की १५ मिनिटांत त्याच्या बटा बाहेरच्या बाजूला कुरळ्या होतात. कारण तेच: आतला मऊ भाग फुगतो, बाहेरचा मेणचट थर पाणी घेत नाही. सिंहाची आयाळ, झाडू, कारंजं, राक्षसाच्या मिशा, सगळं यातूनच.

उलट बाजूचा त्रास टोमॅटो, काकडी आणि कलिंगड देतात. टोमॅटोच्या बिया आणि भोवतालची जेली चमच्याने काढून टाका आणि कवच दहा मिनिटं कापडावर पालथं ठेवा. काकडीच्या बियांचा भागही असाच कोरून काढा. कलिंगडाचा कापलेला भाग टिपकागदावर उपडा ठेवा. आणि चित्राजवळ मीठ-साखर भुरभुरू नका. ब्राऊन शुगरची ‘वाळू’ ओल्या काकडीला टेकली की अर्ध्या तासात तिथे चिखल होतो. वाळू हवीच असेल तर सगळ्यात शेवटी टाका आणि ओल्या वस्तूखाली पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा सरकवा.

तयार तुकडे ठेवायचे असतील तर घट्ट पिळलेलं ओलं कापड डब्यात अंथरा, त्यावर तुकडे, वर झाकण, आणि डबा फ्रिजमध्ये. कोरलेलं गाजर गार पाण्यात, रोज पाणी बदलून, काही दिवस राहतं. मुळा तेवढा टिकत नाही. मेक्सिकोतल्या ओआहाका शहरात १८९७ पासून दर २३ डिसेंबरला कोरलेल्या मुळ्यांचं प्रदर्शन भरतं. तिथे कामावर सारखं पाणी शिंपडावं लागतं, आणि तरीही सारा मामला काही तासांचाच. व्हिएन्नातला भाज्यांचा वाद्यवृंद १९९८ पासून गाजराच्या बासऱ्या आणि भोपळ्याचे ढोल वाजवतो. तेही प्रत्येक कार्यक्रमाआधी सगळी वाद्यं ताज्या भाजीतून नव्याने करतात, कारण वाळलेल्या गाजराचा सूर राहत नाही.

काळं पडणं, आणि त्याचाच वापर

सफरचंद, पेअर, वांगं, बटाटा, केळं, अ‍ॅव्होकाडो यांच्या पेशी फाटल्या की आतलं एक एन्झाइम, फिनॉल गटातली द्रव्यं आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येतात आणि तपकिरी रंग तयार होतो. तो थांबवायचे उपाय बरेच आहेत, प्रत्येकाची किंमत वेगळी. एक कप पाण्यात एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि त्यात पाच मिनिटं, हा सोपा उपाय. चव आंबट होते. क जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची साधी गोळी कुटून एक कप पाण्यात विरघळवली तर चव फार बदलत नाही आणि परिणाम जास्त चांगला मिळतो. रंगीत, फसफसणारी गोळी मात्र घेऊ नका, सफरचंद पिवळं होईल. अर्धा छोटा चमचा मीठ एक कप पाण्यात घालून दहा मिनिटं भिजवणं आणि नंतर धुणं हेही चालतं. बटाट्याला साधं पाणी पुरतं, कारण तो बुडलेला असेतो हवाच लागत नाही. शिवाय चकत्यांवरचा चिकट स्टार्च धुऊन जातो. वांग्याचा पांढरा गर झपाट्याने काळवंडतो. त्याची फक्त साल दिसेल अशी योजना करणं हेच शहाणपणाचं. लोखंडी सुरी या कामाला नको, स्टेनलेस स्टीलची घ्या.

लिंबात बुडवलेलं सफरचंद जांभळ्या कोबीला टेकू देऊ नका. जिथे टेकेल तिथे कोबीवर गुलाबी डाग पडतो. जांभळ्या कोबीचा रंग आम्लात गुलाबी, साध्या पाण्यात जांभळा आणि खाण्याच्या सोड्यात निळा होतो. हा गुण उलटा कामालाही येतो, कारण खाण्याच्या वस्तूंत निळा रंग जवळजवळ नाहीच. २०० ग्रॅम कोबी अर्धा लिटर पाण्यात १५ मिनिटं उकळा, गाळा आणि तो रस आटवून १०० मिलिलिटर करा. गार झाल्यावर टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच सोडा घालून ढवळा, मग पुन्हा तेवढाच. निळा आला की थांबा. पुढे एक चिमूट गेली तर रंग हिरवट होतो आणि साबणासारखी चवही येते. हळदीत सोडा पडला तर ती विटकरी लाल होते. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून ती थोड्या तेलात कालवा. पालकाचा हिरवा हवा असेल तर पानं अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. त्याला लिंबू लावलं आणि उष्णता मिळाली की तो शेवाळी पडतो. बीट मात्र सगळ्यांना रंगवतं. ते वेगळ्या फळीवर कापा, पाणी निथळेपर्यंत धुवा, टिपा, तेलाचा हात फिरवा आणि चित्रात सर्वांत शेवटी ठेवा.

आता याच काळं पडण्याला शाई मानलं तर केळ्यासारखा कागद नाही. पिवळंधमक पण टोकाला किंचित हिरवट, डाग नसलेलं केळं घ्या. शिवणाच्या सुईने सालीवर हलके ठिपके द्या. सुई सालीतच राहिली पाहिजे, गरापर्यंत जायला नको. काही मिनिटांत ठिपके तपकिरी दिसायला लागतात आणि पुढचे काही तास गडद होत जातात. ठिपका आत्ता दिला आणि दुसरा दोन तासांनी दिला तर पहिला जास्त काळा असतो. म्हणून केसांसारखे, सावल्यांसारखे गडद भाग आधी टोचा, मधल्या छटा तासाभराने, आणि गालांवरची नाजूक सावली अगदी शेवटी. दाट ठिपके आणि जुने ठिपके गडद, विरळ आणि ताजे फिके. चित्र आधी पातळ कागदावर काढून कागद केळ्यावर चिकटपट्टीने बसवा आणि कागदातूनच टोचा, म्हणजे रेघ चुकत नाही. टोचण्याऐवजी शाई संपलेल्या बॉलपेनने नुसतं दाबलं तर मऊ कडांच्या रेघा येतात, पण त्या उशिरा उमटतात. तिथे धीर धरावा लागतो. न दिसलेली रेघ पुन्हा पुन्हा दाबत बसलात तर संध्याकाळी तिथे काळा पट्टा दिसेल. केळं फ्रिजमध्ये ठेवू नका. १३ अंश सेल्सियसच्या खाली सगळी सालच काळवंडते आणि चित्र त्यात बुडतं. पूर्ण झाल्यावर लगेच फोटो काढा, दुसऱ्या दिवशी पिकल्याचे ठिपके तुमच्या ठिपक्यांत मिसळतात. आतलं केळं शाबूत राहतं हा या प्रकाराचा मोठा फायदा.

‘गडद आधी’ हाच नियम पॅनकेकलाही लागतो. पीठ चमच्यातून अखंड धारेने पडेल एवढं पातळ ठेवा, गुठळ्या गाळून काढा आणि २-३ मिलिमीटर तोंडाच्या दाबाच्या बाटलीत भरा. तवा मंद आचेवर. तेलाचं नुसतं बोट फिरवा, तेल साचलं तर पृष्ठभागावर जाळी पडते आणि रेघा तुटतात. आधी बाह्यरेषा आणि डोळे काढा, ४५ ते ६० सेकंद थांबा. मग मधल्या छटेचे भाग, आणखी २०-३० सेकंद. मग उरलेली जागा भरून टाका. उलटल्यावर आधी पडलेलं पीठ सगळ्यात तपकिरी दिसतं. चित्र आरशातल्यासारखं उलटं येणार हे लक्षात ठेवा, विशेषतः अक्षरं लिहिताना. शेवटची रेघ ओढेपर्यंत पहिली करपत असेल तर आच जास्त आहे. तवा उचलून बाजूला घ्या, गार तव्यावर चित्र काढा आणि मग आचेवर ठेवा.

उभं करणं आणि जोडणं

गाजराचा माणूस पडतो कारण बहुतेक जण निमुळतं टोक खाली ठेवतात. जाड बाजू खाली घ्या, तळ सपाट कापा, आणि तरी डुगडुगला तर पायाखाली बटाट्याची १ सेंटिमीटर जाड चकती द्या, दोन टूथपिकांनी जोडून. कुठलाही सांधा एका टूथपिकवर ठेवू नका. एकाभोवती डोकं फिरतं, दोन असले की फिरत नाही. ढोबळी मिरची निवडताना खाली चार उंचवटे असलेली घ्या, ती स्वतःच्या पायावर उभी राहते.

खायचं असेल तर टूथपिकऐवजी कच्च्या स्पगेटीचे ३-४ सेंटिमीटरचे तुकडे वापरा. आधी टूथपिकने भोक पाडा, नाहीतर स्पगेटी मोडते. भाजीतलं पाणी पिऊन ती फुगते आणि सांधा आणखी घट्ट होतो. काही तासांनी मऊ पडते, पण तोवर काम झालेलं असतं. पान, बी, पाकळी अशा हलक्या गोष्टींना घट्ट मध, क्रीम चीज किंवा शेंगदाण्याचं बटर पुरतं. फक्त फोटोसाठीचं काम असेल तर सायनोअ‍ॅक्रिलेटचा झटपट गोंद चालतो. तो ओलाव्यानेच घट्ट होतो, म्हणून भाजीवर उलट लवकर धरतो. जागा टिपून घ्या आणि एकच थेंब लावा, जास्त झाला की पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. गोंद लागलेला तुकडा नंतर थेट कचऱ्यात.

हत्यारं थोडीच लागतात: ८ सेंटिमीटर पात्याची टोकदार सुरी, सोलणी, खरबुजाचे गोळे काढायचा चमचा, एक चिमटा. कोरायचं वेड लागलं तर मग इंग्रजी ‘व्ही’ आणि ‘यू’ आकाराची दोन कोरणी घ्या. सुरी धारदारच हवी. बोथट सुरी पेशी चिरडते, पाणी जास्त सुटतं आणि हातही तिनेच कापतो. गोल भाजीचा आधी एक पातळ काप काढून ती सपाट बाजूवर बसवा, फळीखाली ओलं कापड घाला. मिरची कापली असेल तर डोळ्याला हात लावण्याआधी हात साबणाने धुवा.

दृश्य आणि फोटो

सुरुवातीला ४० बाय ६० सेंटिमीटरची फळी पुरे, आणि मागची कड ५-६ सेंटिमीटर उचलून ठेवा म्हणजे मागच्या वस्तू पुढच्यांमागे झाकल्या जात नाहीत. खोलीचा भास आकारातून येतो: पुढे ब्रोकोलीचा १० सेंटिमीटरचा तुरा, मध्ये ५ चा, मागे २ चा. टेकड्यांसाठी वाडगी पालथी घाला, सगळा डोंगर बटाट्याचा करायची गरज नाही. ढगांना फ्लॉवर, खडकांना आलं किंवा पावाचे तुकडे. तळं करायचं असेल तर अगार (समुद्री शेवाळापासून केलेली, जेली गोठवणारी पूड) एक छोटा चमचा, म्हणजे सुमारे २ ग्रॅम, एक कप पाण्यात दोन मिनिटं उकळून उथळ थाळीत ओता. जिलेटिन जास्त पारदर्शक दिसतं पण दिव्याच्या उबेत वितळतं. अगार किंचित धुरकट, पण घट्ट राहतं. कच्चं अननस, किवी किंवा पपई जिलेटिनमध्ये घालू नका. त्यांतली प्रथिनं तोडणारी एन्झाइमं जिलेटिन गोठूच देत नाहीत.

मांडणीचा क्रम असा: फळी, पार्श्वभूमी, टेकड्या आणि कोरडं धान्य, मग कॅमेरा जागेवर लावून बटाट्याच्या तुकड्यांनी जागा निश्चित करणं, मग गाजर, मुळा, ढोबळी मिरची, मग पाण्यातून काढून टिपलेली पानं, मग सफरचंद, केळं, शेवटी टोमॅटो आणि बीट. कॅमेरा शेवटी आणणाऱ्यांचं गणित इथेच कोसळतं. चौकट शोधायला जी वीस मिनिटं जातात तेवढ्यात कोथिंबीर, पार्स्ली मान टाकतात.

सपाट दिसण्याचं कारण बहुधा समोरून पडणारा प्रकाश, म्हणजे मोबाइलचा फ्लॅश. तो बंद करा. खिडकी बाजूला किंवा थोडी मागे घ्या, दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा. मागून प्रकाश आला की कोबीचं पान आणि मुळ्याची पातळ चकती आतून उजळतात. खोलीतला दिवा बंद ठेवा, दोन प्रकारचे प्रकाश मिसळले की हिरवा रंग घाण दिसतो. कॅमेरा आकृतीच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. वरून काढला तर ते ताट दिसतं, डोळ्यांच्या पातळीवरून काढला तर जग. फार जवळ जाऊ नका. मोबाइल मीटरभर लांब ठेवून दुप्पट झूम केलं तर नाकं फुगत नाहीत आणि मागचंही जास्त स्पष्ट राहतं. दवबिंदू हवे असतील तर ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात मिसळून टूथपिकने ठेवा, नुसतं पाणी ओघळून जातं. कोमेजलेल्या सालीवर तेलाचा पुसटसा हात फिरवला की ती पुन्हा तरतरीत दिसते.

खाता येईल का

येईल, पण ते काम सुरू करण्याआधी ठरवा, कारण गोंद, ग्लिसरीन आणि शोभेची फुलं तिथेच बाद होतात. काही शोभेची फुलं, उदाहरणार्थ कण्हेर, चक्क विषारी असतात. कापलेली फळं-भाज्या खोलीच्या तापमानाला दोन तासांवर ठेवू नयेत, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तास. मोठं दृश्य एवढ्या वेळात होत नाही. मग मार्ग असा की दृश्यातले मोठे, न कापलेले तुकडे नंतर धुऊन, शिजवून खायचे आणि बारीक कापलेलं खतात टाकायचं. शिजवलेला भात चित्रासाठी बाहेर राहिला असेल तर तो खाऊ नका, पुन्हा गरम करूनही नाही. त्यात वाढणाऱ्या जिवाणूंचं विष उष्णतेला दाद देत नाही.

डोळ्यांसाठी कच्चा राजमा फार देखणा दिसतो, पण खायच्या ताटात तो नको. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा उलट्या व्हायला पुरेसे होतात. लहान मुलांबरोबर करत असाल तर पाच वर्षांखालच्यांना अख्खी द्राक्षं, चेरी टोमॅटो, शेंगदाणे, मिरी देऊ नका. द्राक्षं उभी चार भागांत कापा आणि बुबुळं काळ्या तिळाची करा. टूथपिक किती टोचल्या हे काम करतानाच कागदावर लिहीत जा, आणि वाढण्याआधी तेवढ्या बाहेर काढून मोजा.